मारियाला मठातून निरोप

‘साउंड ऑफ म्युझिक’बद्दल आमच्या वसईच्या ख्रिस्ती वस्तीत सहसा कुणी वाकडं बोलत नाही. मुलं नाताळच्या कार्यक्रमात त्यातली सरगम म्हणतात आणि सुट्टीत घरोघरी तो पुन्हा लागतो. गायनमंडळ चालवणाऱ्या माझ्यासारखीला तर त्यातली चाल न् चाल पाठ आहे. मीही या चित्रपटावर मनापासून प्रेम करते, म्हणूनच त्याच्याशी माझं एक जुनं भांडण आहे. ते गाण्यांशी किंवा त्यातल्या गोडव्याशी नाही. देव माणसाला कशासाठी बोलावतो आणि ते बोलावणं देवाचं की आपल्याच मनाचं हे ओळखायचं कसं, या प्रश्नाला चित्रपट जे उत्तर देतो त्याच्याशी आहे.

चित्रपट 1965 सालच्या मार्चमध्ये आला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, संगीत रिचर्ड रॉजर्स यांचं, बरीचशी गीतं ऑस्कर हॅमरस्टाइन यांची. मूळ नाटक 1959 साली ब्रॉडवेवर आलं आणि पुढच्याच वर्षी हॅमरस्टाइन गेले. 174 मिनिटांचा, मध्ये मध्यंतर असलेला, 70 मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला सिनेमा. असे भव्य कौटुंबिक संगीतपट पुढे चालेनात. या चित्रपटाच्या यशाच्या भरवशावर काढलेले ‘डॉक्टर डूलिटल’ आणि ‘स्टार!’ पडले, आणि ‘स्टार!’मध्ये तर दिग्दर्शक वाइज आणि नायिका ज्यूली अँड्र्यूज अशी हीच जोडी होती. त्यामुळे नुसता खर्च आणि नुसती गाणी यांनी हे साधलं असं म्हणता येत नाही. याच्या गाभ्याला एक धार्मिक गोष्ट आहे आणि ती मोठी आहे.

आम्ही शाळेत असताना सिस्टरांनी आम्हाला वसई रोडवरून गाडीने मुंबईला नेऊन हा चित्रपट दाखवला होता. सुरुवातीला पडद्यावर नुसता वारा आहे, हिमाच्छादित सुळके आहेत, संगीत नाही. मग हळूच पक्षी, मग दुरून वाद्यं, आणि हिरव्या माळावर हात पसरून येणारी एक मुलगी. स्तोत्रसंहितेतलं 121वं स्तोत्र मी लहानपणापासून म्हणत आले आहे, पण डोंगरांकडे डोळे लावणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं. भव्यतेचं हे काम आहे. लहान पडद्यावर, घरगुती प्रकाशात हे होत नाही. ज्याने कधी पर्वत पाहिला नाही त्यालाही, आपल्यापेक्षा मोठं काहीतरी आहे आणि ते आपल्या बाजूचं आहे, असं तीन मिनिटांत वाटायला लावायचं, हे सोपं काम नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मला ते वर्षभरात जमत नाही.

पण ते आपल्या बाजूचं आहे, इथेच माझ्या भांडणाची सुरुवात होते.

मारिया साल्झबुर्गच्या नॉनबर्ग मठात उमेदवार आहे. बेनेडिक्टाइन धर्मभगिनींचा हा मठ आठव्या शतकाच्या सुरुवातीचा, संत रुपर्टने स्थापन केलेला आणि आजही चालू असलेला. तिला सात मुलांची शिक्षिका म्हणून विधुर कॅप्टन फॉन ट्रॅपच्या घरी पाठवतात. कॅप्टनवर आपला जीव जडल्याचं कळताच ती घाबरून मठात पळून येते. मध्यंतरानंतर मदर अ‍ॅबेसच्या खोलीतला प्रसंग येतो. खोलीत उजेड कमी आहे. मारिया म्हणते, मला आत्ताच्या आत्ता व्रतं घ्यायची आहेत. मदर तिला थांबवते. लपून बसण्यासाठी या भिंती बांधलेल्या नाहीत, आणि पुरुषावर प्रेम केलंस म्हणून तुझं देवावरचं प्रेम कमी होत नाही, असं ती समजावते. मग गाणं सुरू होतं. मदरचं काम करणाऱ्या पेगी वुड तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. वाइज यांनी त्यांना गाताना थेट कॅमेऱ्याकडे बघायला लावलेलं नाही. त्या खिडकीकडे वळतात, चेहरा अर्धा सावलीत जातो. उपदेश प्रेक्षकाच्या अंगावर येऊ नये म्हणून घेतलेली ही काळजी आहे आणि तिच्यामुळे तो उपदेश प्रार्थनेसारखा ऐकू येतो. पुढे मी खूप प्रवचनं ऐकली, एवढ्या सभ्यपणे दिलेला सल्ला क्वचित ऐकला.

या प्रसंगाची किंमत मला माझ्या चुलत बहिणीमुळे कळली. ती मठात गेली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक दिली होती. झाकणावर काकांनी पांढऱ्या रंगाने तिचं नाव लिहून घेतलं होतं, नावाआधी ‘सिस्टर’साठी थोडी जागा मोकळी सोडून. दोन पांढऱ्या चादरी, उशीचे अभ्रे, बायबल, जपमाळ, काळी चप्पल असं सगळं यादीबरहुकूम. अंतिम व्रतांच्या आधीच ती परत आली. तिथे कुणी तिला वाईट वागवलं नव्हतं, इथे आपली जागा नाही एवढंच तिला स्पष्ट दिसलं होतं. त्यानंतर कितीतरी रविवार काकू पहाटेच्या मिस्सेला गेली, कारण त्या वेळी देवळात माणसं कमी असतात. ट्रंक माळ्यावर गेली. “देवाने बोलावलं होतं ना, मग परत कशी आली?” हे वाक्य मी पडवीत, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात ऐकलं आहे. कुणी दुष्टपणाने विचारत नव्हतं. आमच्या लहानपणीच्या धर्मशिक्षणात कौमार्यव्रत वरच्या पायरीवर आणि संसार खालच्या, अशी मांडणी होती. ती गावाने घरी बसून तयार केलेली नव्हती. ट्रेंटच्या परिषदेने 1563 साली विवाहित जीवनाला व्रतस्थ जीवनापेक्षा श्रेष्ठ म्हणणाऱ्याचा धिक्कार केला होता. चार शतकांचं वजन त्या एका प्रश्नात होतं.

आमच्या मराठी मुलखाला तर या प्रश्नाची फार जुनी जखम आहे. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले आणि गुरूनेच त्यांना संसारात परत पाठवलं. गुरूची आज्ञा पाळली, त्याबद्दल आळंदीने कुटुंबाला वाळीत टाकलं आणि शेवटी त्या नवराबायकोला देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं, असं परंपरा सांगते. वरून खाली आलेल्याला समाज माफ करत नाही. विठ्ठलपंतांच्या गुरूचा शब्द खरा होता, पण त्या शब्दाच्या मागे उभं राहायला आळंदीत कुणी नव्हतं.

हे मनात धरून चित्रपटातलं लग्न पाहा. साल्झबुर्गजवळच्या मोंडसे गावातल्या देवळात ते चित्रित झालं आहे. धर्मभगिनी स्वतः मारियाला नववधू म्हणून सजवून लोखंडी जाळीच्या दारापर्यंत आणून सोडतात. दार उघडतं, ती पुढे जाते, दार मिटतं आणि त्या जाळीआडून पाहत राहतात. सुरुवातीला ‘या मुलीचं करायचं काय’ अशी तक्रार ज्या चालीवर त्यांनी केली होती, तीच चाल आता लग्नाच्या मिरवणुकीला ऑर्गनसह वाजते. जिने मठ सोडला तिला मठच सन्मानाने निरोप देतो. मदर अ‍ॅबेस आपल्या हातून गेलेल्या मुलीवर रागावलेली नाही आणि देवाचं काही नुकसान झालं असंही तिला वाटत नाही. हा चित्रपट येण्यापूर्वी चारच महिने, 1964च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात एक अख्खं प्रकरण याला दिलं होतं की पावित्र्याचं पाचारण सगळ्यांना आहे, कोणत्याही अवस्थेतल्या माणसाला आहे. ते लॅटिन पान आमच्या काकूपर्यंत कधी पोहोचलं नाही. मोंडसेच्या देवळातली ती जाळी मात्र पुढे घरच्या टीव्हीवर पोहोचली. त्या प्रसंगाला काकू डोळे पुसायची आणि काही बोलायची नाही. ज्यांना हा चित्रपट नुसता साखरेचा वाटतो त्यांना मी हे सांगते.

आता दुसरी बाजू. आमच्या युवागटात एकदा चित्रपटावर बोलणं चाललं होतं. बारावीतली एक मुलगी म्हणाली, “पण टीचर, तिला तो कॅप्टन आवडलाच नसता तर? मग मदरने काय सांगितलं असतं?”

चित्रपटात याला उत्तर नाही. मदर परत जा म्हणते तिथेच मारियाचं मन आधी जाऊन बसलेलं आहे. आज्ञा आणि इच्छा एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत. परत गेल्यावर कॅप्टनचं एका बॅरोनेसशी लग्न ठरल्याचं मारियाला कळतं, तेव्हा काही मिनिटं तिला फळाची आशा नसताना आज्ञा पाळावी लागते. ज्यूली अँड्र्यूज यांचा चेहरा तिथे फार खरा आहे. पण लगेच बॅरोनेस सज्जाच्या कठड्यापाशी शहाणपणाने माघार घेते आणि वाट मोकळी होते.

खऱ्या मारियाच्या आयुष्यात याचं उत्तर आहे. मारिया कुट्शेरा 1926 साली त्या घरी गेली ती सात मुलांची शिक्षिका म्हणून नव्हे, आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवायला. कॅप्टन तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे. त्यांनी मागणी घातल्यावर ती मठात धावत गेली ती नकार मिळेल या आशेने. धर्मभगिनींनी प्रार्थना केली, विचार केला आणि हे लग्न हीच देवाची इच्छा आहे असं तिला सांगितलं. 1927च्या नोव्हेंबरात नॉनबर्गच्याच देवळात लग्न झालं. आपण तेव्हा त्यांच्या प्रेमात नव्हतो, ओढ मुलांची होती, आणि लग्नाच्या दिवशी मनात देवावरच राग होता, असं तिने पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. प्रेम नंतर आलं, सावकाश आलं आणि आयुष्यभराचं आलं.

देवावर रागावलेली नववधू मला पडद्यावरच्या मारियापेक्षा मोठी वाटते. तिच्या जागी उभं राहिलं की आज्ञापालन हा शब्द जड होतो. एक प्रश्नही उभा राहतो, ज्याचा मला त्रास होतो: बावीस वर्षांच्या मुलीच्या वतीने देवाची इच्छा दुसऱ्या कुणी ठरवावी का? आज मी त्या मठात असते तर तिला असं सांगण्याचं धाडस केलं नसतं. तरीही त्या सल्ल्याने एक घर उभं राहिलं हेही खरं आहे. हे दोन्ही एकदम मनात धरणं कठीण आहे, आणि चित्रपट आपल्याला ते कष्ट पडू देत नाही. तिच्या गळ्यात प्रेमगीत घातलं की प्रश्न संपतो.

एकदा हे दिसलं की चित्रपटात आणखी काय काय काढून टाकलं आहे तेही दिसू लागतं. या कुटुंबाचे पैसे 1930च्या दशकात बँक बुडून गेले. मग त्यांनी घरात भाड्याने माणसं ठेवली, आणि घरच्या प्रार्थनामंदिरात मिस्सा करायला आलेले फादर फ्रान्झ वासनर यांनी या मुलांच्या गळ्यांतून एक खरं गायनमंडळ घडवलं. जुनं चर्चसंगीत, रोजचा सराव, रोजची मिस्सा. गायनमंडळ चालवणारी कुणीही बाई सांगेल की हे एका दुपारी पडद्याच्या कापडाचे कपडे शिवून आणि डोंगरावर सरगम म्हणून होत नाही. चित्रपटात फादर वासनर नाहीत. त्यांच्या जागी मॅक्स नावाचा गमत्या कार्यक्रम-ठेकेदार आहे. धर्मगुरू गेला तशी साधनाही गेली. उरली ती उपजत गोडी, जी कुणालाही काही मागत नाही. मुलंही मारिया येण्याआधीपासून गात होती आणि त्यांचे वडील प्रेमळ होते. चित्रपटातला कठोर बाप पाहून त्यांना वाईट वाटलं होतं.

नाटकात आणखी एक गोष्ट होती जी पटकथाकार अर्नेस्ट लेहमन यांच्या चित्रपटात राहिली नाही. नाटकात बॅरोनेस आणि मॅक्स यांचं एक गाणं आहे. येणारं संकट थांबत नसतं, तेव्हा आपण आपलं पाहावं, असा त्याचा रोख. कॅप्टनला ते पटत नाही आणि त्याचं बॅरोनेसशी ठरलेलं लग्न तिथे मोडतं. म्हणजे नाटकात विवेकामुळे मोडतं, चित्रपटात प्रेमामुळे. पुन्हा तेच: जिथे किंमत मोजायची होती तिथे मनाला हवं ते मिळालं.

शेवटचा भाग नाझींचा. ऑस्ट्रिया 1938च्या मार्चमध्ये जर्मनीने गिळला. चित्रपटातल्या धर्मभगिनी ट्रॅप कुटुंबाला थडग्यांआड लपवतात आणि पाठलाग करणाऱ्यांच्या मोटारींचे भाग काढून घेऊन मदरपुढे पापाची कबुली देतात. थिएटरात टाळ्या पडतात आणि मीही वाजवते. पण त्याच मार्चमध्ये ऑस्ट्रियाच्या बिशपांनी नव्या सत्तेचं स्वागत करणारं निवेदन काढलं होतं, आणि व्हिएन्नाचे कार्डिनल इनित्झर यांनी त्यासोबतच्या पत्रावर स्वतःच्या हाताने हिटलरचा जयजयकार लिहिला होता. साल्झबुर्गच्या ज्या रेसिडेन्झ चौकातून चित्रपटातले सैनिक चालत जातात तिथे 30 एप्रिल 1938 रोजी पुस्तकांची होळी झाली. हे काही चित्रपटात नाही. ज्यू माणूस तर त्यात एकही नाही. लहान मुलांच्या चित्रपटात एवढं कशाला, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. स्वस्तिकाचा झेंडा मुलांना दाखवायला ज्यांची हरकत नव्हती, त्यांनी तो कुणाविरुद्ध उभारला होता तेही सांगायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र चित्रपटाच्या बाजूची आहे. म्युनिकमध्ये फॉक्स कंपनीच्या शाखेने लग्नानंतरचा सगळा भाग कापून चित्रपट दाखवला होता. कंपनीने तो पुन्हा जोडायला लावला. कापणाऱ्याला कळलं होतं की या चित्रपटात कुणालातरी बोचणारं काही आहे. लग्नापाशी संपला असता तर तो प्रेमकथा झाला असता. संसारात गेलेल्या मारियाच्या पाचारणाची कसोटी पुढेच लागते, आणि खऱ्या कॅप्टननेही नाझी नौदलातली जागा नाकारली होती, हिटलरच्या वाढदिवसाला गाणं नाकारलं होतं. एवढं हाडाचं सत्य त्या गोड कथेत आहे.

मग ते डोंगर ओलांडतात. खरं कुटुंब आगगाडीने इटलीला गेलं. साल्झबुर्गजवळचा तो डोंगर ओलांडला तर माणूस हिटलरच्याच बव्हेरियात उतरतो. भूगोलाची ही चूक मी कधीच माफ केली आहे. सुरुवातीला जो डोंगर प्रार्थना होता तो शेवटी वाट होतो, ही रचना सुंदर आहे. माझी अडचण वेगळी आहे. विवेकाने ‘नाही’ म्हटलं की सृष्टीच वाट काढून देते आणि मुलाबाळांसह सगळे सुखरूप पलीकडे जातात, असं त्यातून मनावर ठसतं.

साल्झबुर्गमधून वाहणारी साल्झाख नदी खाली जिथे बव्हेरियाच्या सीमेवरून जाते तिथे सांक्ट राडेगुंड नावाचं खेडं आहे. तिथला शेतकरी फ्रान्झ येगरस्टेटर गावच्या देवळात सेवेकरी होता. बायको फ्रान्झिस्का, घरात लहान मुली. त्याने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला. तो सल्ला विचारायला लिंझच्या बिशपांकडे गेला, तर त्यांनी त्याला कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण दिली. मदर अ‍ॅबेसच्या खोलीसारखीच ती खोली असेल, पण बाहेर पडल्यावर त्याच्यासाठी कुणी गायलं नाही. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. गावाने बरीच वर्षं फ्रान्झिस्कालाच दोष दिला. ख्रिस्तसभेने 2007 साली त्याला धन्य घोषित केलं तेव्हा ती नव्वदीपार होती आणि समारंभाला हजर होती. ‘साउंड ऑफ म्युझिक’ जगभर गर्दी खेचत होता त्या वर्षी ती त्याच खेड्यात शेत करत होती.

त्या मुलीच्या प्रश्नाकडे मी परत परत येते ती यामुळे. देवाचं बोलावणं मनाच्या ओढीशी जुळलं तर आनंद आहे, आणि ते जुळू शकतं हे आमच्या आयाबायांना सांगणारा चित्रपट मला हवाच आहे. माझ्या चुलत बहिणीला असा निरोप मिळायला हवा होता. पण ते जुळलं नाही म्हणजे देव बोलतच नाही, असं माझ्या युवागटातल्या मुलांनी समजू नये. भव्य संगीतपट आनंदाला आवाज देतो. फ्रान्झिस्काच्या वाट्याला जे आलं त्याला त्याच्याकडे चाल नाही, आणि मला वाटतं ती असायला हवी होती. 174 मिनिटांत तेवढी जागा नक्की होती.

यंदा उपवासकाळात आम्ही हा चित्रपट युवागटाला दोन रविवारी, मध्यंतरापाशी तोडून दाखवणार आहोत. मध्यंतरानंतरचा भाग लावण्याआधी मुलांनी स्वतः लिहायचं आहे की ते मदरच्या जागी असते तर काय सांगितलं असतं. तिसऱ्या रविवारी येगरस्टेटरची तुरुंगातली पत्रं वाचायची. त्यातल्या काहींचं मराठी मी करते आहे. काही पालकांनी विचारलं की मुलांना एवढं जड कशाला. फादरांनी त्यांनाही तिन्ही रविवारी मुलांबरोबर बसायला बोलावलं आहे.